पाहुणे जे बोललेच नव्हते

ज्या खोट्या वाक्याच्या जोरावर तुमच्या माणसांना हक्काचं घर मिळू शकतं, ते वाक्य खोटं आहे असं भर सभेत सांगायला तुम्ही उभे राहाल का?

उत्तर लगेच देऊ नका. मी दिलं असतं. नांदेडला आमच्या अब्बांचा छोटा छापखाना होता. घर लग्नपत्रिकांवर चालायचं आणि अब्बा पत्रकांवर. मोर्चाचं पत्रक, संपाचं पत्रक, पाण्याचं, रेशनचं. मला अक्षरओळख झाली ती ओल्या शाईच्या मथळ्यांवरून, आणि त्या मथळ्यांत शंकेला जागा नसायची. आपलं ते खरं, समोरच्याचं ते खोटं. अशा घरातली मुलगी बी.ए. करायला लातूरला गेली आणि तिथे तिला हाडोळे सर भेटले.

प्राध्यापक वैजनाथ हाडोळे. विषय राज्यशास्त्र. मूळचे अहमदपूरकडचे. अंगाने काटकुळे, शर्ट कायम एक माप मोठा, आणि आवाज इतका हळू की तिसऱ्या बाकापलीकडे पोचायचा नाही. स्नेहसंमेलनात दोन शब्द बोला म्हटलं तर त्यांच्या कपाळाला घाम फुटायचा. या माणसाने पीएच.डी.ला विषय घेतला होता राष्ट्राध्यक्षांच्या भाषणांचा. देशावर संकट आलं की देशाचा प्रमुख लोकांसमोर येऊन नेमकं काय बोलतो? युद्धात, दुष्काळात, दंगलीत, कुणाचा खून झाला तर? आपले राष्ट्रपती, अमेरिकेचे अध्यक्ष, आफ्रिकेतल्या नव्या देशांचे अध्यक्ष, सगळे त्यात होते. भाषणं मिळायची हैदराबादच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या आणि मासिकांच्या ढिगाऱ्यात, नाहीतर रेडिओवर. सर अधूनमधून रविवारी हैदराबादला जायचे आणि पिशवी भरून रद्दी आणायचे. विद्यापीठातले त्यांचे मार्गदर्शक म्हणायचे, "हाडोळे, लातुरात बसून अमेरिकेचा अध्यक्ष कशाला? जिल्हा परिषदेचा अध्यक्ष घ्या, जवळ पडेल."

सर म्हणायचे, "त्यांचंही ऐकतो की सर. दोघं बोलतात सारखंच. आपल्याकडं हार जास्त असतात, एवढंच."

कॉलेजात त्यांना 'प्रेसिडेंट' म्हणत. शिपाईसुद्धा म्हणायचा, पण पाठीमागे. सरांना ते माहीत होतं. ते स्वतःही वर्ग सभागृहासारखा चालवायचे. हजेरी नावाने घ्यायची नाही, गावाने घ्यायची.

"सदस्य, चाकूर."

"हजर, सर."

"सदस्य, अर्धापूर."

"अर्धापूर केळी इकायला गेलं, सर." वर्ग हसायचा.

"सदस्य, नांदेड." ती मी.

"सदस्य, माळवाडी." मागच्या बाकावरून दत्ता उठायचा. "हाव सर. हाय."

गावाचं खरं नाव माळवाडी नाही. खरं नाव लिहू नको असं तिथल्या माणसांनी मला सांगितलंय, म्हणून हे. दत्ता त्यांच्या वस्तीतला कॉलेजात आलेला पहिला मुलगा. बाप लहानपणीच गेलेला, आई गयाबाई दुसऱ्यांच्या शेतात राबायची, स्वतःच्या जमिनीचं एक काकरही नव्हतं. सर त्याला म्हणायचे, "माळवाडीला शेत नसलं तरी मत आहे. मागं बसू नका, पुढं या." तो पुढे यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत मागे जाऊन बसायचा.

सरांची एक सवय सगळ्या लातूरला चमत्कारिक वाटे. सभा कुणाचीही असो, कुठल्याही पक्षाची, सर व्यासपीठाकडे पाठ करून बसायचे. खुर्ची उलटी फिरवायची आणि लोकांकडे तोंड. कार्यकर्ते येऊन म्हणायचे, "सर, पुढारी तिकडं हायेत."

"पुढारी उद्या पेपरात छापून येतील. हे कुठं छापून येतात?"

सगळं भाषण ते असं लोकांच्या तोंडावर वाचायचे. कुठल्या शब्दाला माना वर झाल्या, कुठे बिडी पेटली, कुठे बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग आठवड्याभराने त्याच गावी परत जायचं आणि जे सतरंजीच्या शेवटी बसले होते किंवा सतरंजीबाहेर उभे होते, त्यांना विचारायचं, "काय म्हणले हो ते?" जे सांगितलं जायचं ते आणि जे बोललं गेलं होतं ते, सर शेजारी शेजारी मांडायचे. त्यांच्या प्रबंधाचा गाभा हाच होता. ते आम्हाला सांगत, "बोलणारा अर्धंच भाषण करतो. उरलेलं ऐकणारा करतो." आणि राष्ट्राध्यक्षांबद्दल सांगत, "संकटात तो तीन कामं करतो. मेलेल्यांची आठवण काढतो, जगलेल्यांना शूर म्हणतो, आणि उद्या देतो. उद्या द्यायला खिशात हात घालावा लागत नाही."

प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी राष्ट्रपतींचं भाषण रेडिओवर लागायचं. त्या दिवशी सरांच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आमची बैठक. सरांच्या पत्नी पोहे करायच्या. शेजारपाजारचे लोकही सर मुद्दाम बोलावून आणायचे. भाषण संपलं की ज्याने त्याने आपण काय ऐकलं ते सांगायचं. एका वर्षी शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "राकेल स्वस्त करनार म्हनले ना." आम्ही हसलो. भाषणात रॉकेलचा उल्लेखसुद्धा नव्हता. सर हसले नाहीत. "तुमचा स्टोव्ह भरलेला आहे म्हणून तुम्हाला ऐकू आलं नाही."

दत्ताने विचारलं, "मंग चूक कुनाची सर? बोलनाऱ्याची का ऐकनाऱ्याची?"

"बोलणाऱ्याची," सर म्हणाले. "कोण काय ऐकणार ते त्याला आधी माहीत असतं. म्हणूनच तो स्पष्ट बोलत नाही."

मग तो भूकंप झाला.

गणपती बुडवून माणसं झोपली होती. लातुरात आम्ही रस्त्यावर पळालो आणि उजाडल्यावर आपापल्या खोल्यांत परतलो. दक्षिणेकडच्या गावांतल्या माणसांना परतायला खोल्या राहिल्या नव्हत्या. सरांनी आम्हा पाच-सहा जणांना घेतलं, एका ट्रकमध्ये बसवलं. रस्ते अडलेले, वर पाऊस. माळवाडीत पोचलो तेव्हा गावाच्या जागी दगडांची रास होती आणि राशीतून धूर निघत होता. तो चितांचा धूर होता. लाकडं ओली होती. वासाबद्दल मी लिहिणार नाही.

गावातली मोठी घरं सगळ्यात आधी बसली होती. दगड-मातीच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. ते सगळं आतल्या माणसांवर आलं. गावाबाहेरच्या वस्तीवरच्या खोपी मात्र, कुडाच्या आणि पत्र्याच्या, तिरक्या होऊन का होईना, उभ्या होत्या. गयाबाई आपल्या खोपीच्या तोंडाशी बसली होती. रडत नव्हती. दत्ता त्या रात्री मिरवणुकीनंतर गावातल्या मित्राकडे झोपला होता.

"सर, तुमचा माळवाडी गेला की," ती म्हणाली. "आपल्या खोपीत निजला असता तर वाचला असता. मोठ्या घरात निजायची हौस."

सर तिच्यासमोर चिखलात उकिडवे बसले. काही बोलले नाहीत. संकटातल्या भाषणांवर त्यांनी जेवढं वाचलं होतं तेवढं मराठवाड्यात कुणी वाचलं नसेल.

कॉलेज पुन्हा सुरू झालं त्या दिवशी त्यांनी हजेरी सुरू केली. चाकूर. अर्धापूर. नांदेड. मग मागच्या बाकाकडे बघितलं आणि हजेरीपुस्तक मिटलं. त्यानंतर त्यांनी कुठल्याच वर्गाची हजेरी घेतली नाही. प्राचार्यांनी मेमो दिला, तो खिशात घालून फिरत राहिले.

काही दिवसांनी दिल्लीहून एक मोठे पाहुणे माळवाडीला आले. त्यांचं नाव सांगत नाही. सरांच्या हिशोबाने त्या खुर्चीतलं कुणीही आलं असतं तरी तेच बोललं असतं. पाहुणे इंग्रजीतून बोलणार होते. एका अधिकाऱ्याला सर माहीत होते. आम्ही तेव्हा तिथेच धान्य वाटत होतो. तो म्हणाला, "हाडोळे सर, तुम्ही मराठीत सांगा."

"मला भाषण येत नाही हो."

"भाषण ते करतील. तुम्ही नुसतं सांगायचं."

सर माईकपाशी उभे राहिले. समोर सतरंजीवर गावातली वाचलेली माणसं, डोक्यांना पट्ट्या, हात गळ्यात. वस्तीवरची माणसं सतरंजीच्या पलीकडे, दोरीमागे उभी. तिथेच गयाबाई. पाहुण्यांनी मेलेल्यांची आठवण काढली. सरांनी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. पाहुण्यांनी जगलेल्यांना शूर म्हटलं. सरांनी तेही सांगितलं, आणि आमच्याकडे एकदा बघितलं. पुढे काय येणार ते आम्हाला कळलं होतं. पाहुणे म्हणाले की गाव पुन्हा उभं करताना शासन माणसामाणसांत भेद पाहणार नाही.

सरांची नजर दोरीमागे होती. ते थांबले. इतका वेळ थांबले की पाहुण्यांनी वळून बघितलं. मग सर म्हणाले, "सगळ्यायला सारखं घर भेटंल. शेत असू द्या, नसू द्या."

पुस्तकी मराठी सोडून ते त्यांच्या गावच्या बोलीत बोलले होते. दोरीमागून टाळ्या आल्या. फक्त तिथूनच. सतरंजीवरच्या काही पागोटेवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. टाळ्या ऐकून पाहुणे खूश झाले, दोरीच्या दिशेने त्यांनी हात जोडले. गयाबाई टाळ्या वाजवत नव्हती. ती सरांकडे बघत होती. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदाच तिने कुणाकडे तरी नीट बघितलं असं मला वाटलं.

परतताना ट्रकमध्ये मी म्हटलं, "सर, ते असं नव्हते म्हणाले."

"नव्हते."

"मग?"

"मी दोरीमागच्यांकडं बघत होतो ना," सर म्हणाले. एवढंच.

मला त्यांचा अभिमान वाटला होता. आमच्या घरात याला हिंमत म्हणत.

पुढे माळवाडी पत्र्याच्या शेडमध्ये गेली. उन्हाळ्यात भट्टी, पावसात चिखल. नव्या गावाचे नकाशे आले आणि नियम कळले. ज्याची जमीन जास्त त्याचं घर मोठं. ज्याला जमीनच नाही त्याला सगळ्यात लहान. वस्तीला वर सुनावलं गेलं की तुमच्या खोपी तर पडल्याही नाहीत, मिळतंय ते घ्या. गयाबाईचा भाचा लिंबाजी तेव्हा औशाला एका गॅरेजात कामाला होता. त्याने काम सोडलं आणि वस्ती गोळा केली. त्याला भाषण यायचं, आणि चांगलं यायचं. पत्रक छापायला तो कुठे जाणार? नांदेडला, आमच्या अब्बांकडे. मथळा असा होता: पाहुण्यांनी दिला शब्द, सगळ्यांना सारखं घर! शब्द पाळा!

लिंबाजीने एक प्रत मला पाठवली, मी ती सरांना दाखवली. सरांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि दुसऱ्याच दिवशी नांदेडची एस.टी. धरली. सुट्टी होती, मीही गेले. छापखान्यात लिंबाजी गठ्ठे बांधत होता.

"लिंबाजी, हे पाहुणे म्हणाले नव्हते."

"मंग कोन म्हनलं?"

"मी."

लिंबाजी हसला. "माईकमधनंच आलं ना सर? मंग झालं. आमच्या कानात त्यायनंच सांगितलं."

अब्बांनी खुर्ची पुसून पुढे केली. "बैठो सर, पहले चाय लेव." चहा आला. मग अब्बा म्हणाले, "सर, माझ्याकडं येणाऱ्या पत्रकात कोण काय म्हटलं हे मी तपासत नाही. हक कुणाचा ते बघतो. इनका हक है का नहीं?"

"आहे. म्हणूनच म्हणतो भाईसाब, खऱ्या हक्काला खोटा साक्षीदार देऊ नका. साक्षीदार पडला की हक्क पडतो."

"आन् खऱ्या साक्षीदाराला इथं कोन इचारायलंय?" लिंबाजी म्हणाला. "सर, तुमचा अभ्यास तुमच्यापाशी ठिवा. वाक्य आता तुमचं ऱ्हायलं न्हाई, आमचं हाय."

गठ्ठे संध्याकाळच्या गाडीने गेले. अब्बांनी सरांना स्टँडवर सोडलं आणि घरी येऊन म्हणाले, "आदमी अच्छा है. बस, काम का नहीं."

पत्रक गाजलं. इतकं की चौकशी लागली. शेडमधल्या शाळेत एक अधिकारी टेबल टाकून बसला. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. वस्तीने साक्षीदार म्हणून नाव दिलं हाडोळे सरांचं. दुसरा होताच कोण? पाहुण्यांचं बोलणं दोन्ही भाषांत ज्याने ऐकलं आणि सांगितलं असा तो एकच माणूस. एस.टी.त लिंबाजी सरांच्या शेजारी बसला होता. मी मागच्या सीटवर.

"सर, 'हो' म्हना. येकच अक्षर हाय. उभ्या जल्मात येवढं लहान भाषन तुमी केलं नसंल."

सर खिडकीबाहेर बघत राहिले.

"दत्त्यासाठी म्हना."

सरांनी तिकिटाची घडी करून खिशात ठेवली.

शाळेत अख्खी वस्ती जमली होती. अधिकाऱ्याने पत्रक समोर धरलं. "प्राध्यापक, दुभाषी तुम्ही होता. पाहुण्यांनी हे आश्वासन दिलं होतं का?"

सर उठले आणि सवयीने लोकांकडे वळले. त्या दिवशी मला ती सवय क्रूर वाटली. ज्यांचं नुकसान करायचं त्यांच्याच तोंडाकडे बघून ते बोलणार होते.

"नाही," ते म्हणाले. "पाहुणे असं बोलले नाहीत. ते जे बोलले त्यातून ज्याला जो हवा तो अर्थ काढता येत होता. तुम्हाला हवा होता तो मी काढून दिला. वाक्य माझं होतं."

आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण पत्र्याखाली तो सगळीकडे पोचला. पुढच्या बाजूला बसलेल्या गावातल्या दोघा-तिघांनी सुटकेचा श्वास सोडला. लिंबाजी उठून उभा राहिला. "दत्त्या असता तर थुकला असता तुमच्यावर," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

मग गयाबाई उठली. पदर खोचला. अधिकाऱ्याला म्हणाली, "त्यो म्हनला नसंल तर नसंल. आता आमी म्हनताव. सगळ्यायला सारखं घर पायजे. लिवून घ्या."

अधिकाऱ्याने पेन उचललं आणि खाली ठेवलं. "बाई, ही मागणी झाली. मला आश्वासनाची चौकशी करायला पाठवलंय. मागणीचा अर्ज वेगळा करावा लागेल."

आश्वासन दिल्याचं आढळून येत नाही, असं लिहून चौकशी संपली. घरं नियमाप्रमाणे वाटली गेली. नव्या माळवाडीत रुंद रस्त्यावर जमीनवाल्यांची घरं आणि पार कडेला, जिथे रस्ता संपून मुरूम सुरू होतो, तिथे वस्तीच्या एकेक खोल्या. गयाबाईची शेवटून दुसरी.

मी सरांशी बोलणं सोडलं. आम्ही सगळ्यांनीच सोडलं. सरांनी कुणाला समजावलं नाही. टाइप होऊन विद्यापीठात गेलेला प्रबंध मात्र ते परत घेऊन आले. मार्गदर्शक चिडले, "वेड लागलंय का? व्हायव्हाची तारीख लागतीय." सर म्हणाले, "एक प्रकरण राहिलंय सर. दुभाष्याचं." ते प्रकरण त्यांनी कधी लिहिलं नाही. नावामागे डॉक्टर लागलं नाही, बढती थांबली.

लातूर बदललं. गुणवत्ता यादीतल्या पोरांचे फोटो चौकाचौकात लागले. बारावी, मेडिकल, इंजिनिअरिंग. ज्याच्याकडे रिकामी खोली त्याचं वसतिगृह, ज्याच्याकडे चूल त्याची मेस. आर्ट्‌सचा वर्ग ओस पडत गेला. सरांच्या तासाला कधी तीन मुलं, कधी दोन. मी तोवर एका साप्ताहिकात लिहायला लागले होते. एका नव्या क्लासच्या पालक मेळाव्याची बातमी करायला गेले, तर पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या खुर्चीवर हाडोळे सर. क्लासचा संचालक त्यांचा जुना विद्यार्थी. सरांनी खुर्ची फिरवून पालकांकडे तोंड केलं होतं आणि संचालक माईकवर विनोद करत होता, "आमचे सर अजूनही तसेच. तुमच्या चेहऱ्यावरूनच तुमच्या पोराचे मार्क सांगतील."

भाषण जोरदार झालं. संचालकाला वक्तृत्व चांगलं होतं. आधी जुन्या, मागासलेल्या लातूरबद्दल हळहळ, मग पालकांच्या त्यागाला सलाम, मग उद्या. जे पाखरू इथे येईल आणि मेहनत करेल ते उडाल्याशिवाय राहणार नाही. टाळ्या थांबेनात.

बाहेर फाटकाशी सरांनी एका माणसाला थांबवलं. चाकूरकडचा होता. हातात लोखंडी पेटी, शेजारी नव्या ड्रेसमधली मुलगी.

"काय म्हणाले हो ते?"

"पोरगी डाक्टर व्हनार म्हनले."

"मेहनत करेल तो होईल, असं म्हणाले."

"त्येच की."

"ते नव्हे हो. उद्या नाही झाली तर म्हणतील, तुझीच मेहनत कमी पडली. त्यांनी शब्द दिलेला नाही. तुम्ही ऐकलाय."

त्या माणसाने सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "तुमी ह्या क्लासातलेच का सर?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या की. तेवढं तरी ऐकू द्या माणसाला." त्याने पेटी खांद्यावर घेतली. मुलगी मात्र वळून वळून सरांकडे बघत गेली.

सर आणि मी चालत निघालो. कितीतरी वर्षांनी. सर म्हणाले, "गयाबाईंनी मला 'राहू द्या' असं कधी म्हटलं नाही."

तेव्हा मला कळलं की ते माळवाडीला जात होते. नेमाने जात होते. त्यांच्यासोबत एकदा मीही गेले. गयाबाई म्हातारी झाली होती, पण तोंड शाबूत होतं.

"या प्रेसिडेंट," ती म्हणाली. "येक अक्षर बोलला असता तर आज पाय पसरून बसला असता. आता बसा गुडघं पोटात घिऊन."

सर खरोखरच गुडघे पोटाशी घेऊन बसले. खोलीत चूल, कणगी, खाट आणि भिंतीवर दत्ताचा फोटो, कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. चौथ्या माणसाला जागा नव्हती. तिने सरांना चहा दिला, भाकरी दिली आणि जेवताना बोल लावत राहिली. "पोराला बी लई खरं बोलायचं येड लावलं होतं ह्यायनं." सर मान खाली घालून जेवत होते. जेवण झालं की ती सांगायची आणि सर अर्ज लिहायचे, शेत नसलेल्या सगळ्या घरांच्या वतीने, दर वर्षी तोच. खाली तिचा अंगठा. उत्तर कधी आलं नाही. ती त्यांना माफ करत नव्हती आणि दारातून परतही पाठवत नव्हती. सरांना यातलं काय सोसवत होतं आणि काय नाही, मला सांगता येणार नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गयाबाई गेली त्या दिवशी. लिंबाजीचा निरोप आला म्हणून गेले. तो आता पोक्त झाला होता, औशाला स्वतःचं गॅरेज होतं. खोलीत मढं ठेवलं तर बायकांना उभं राहायला जागा उरत नव्हती. म्हणून तिला बाहेर आणलं, रस्त्यावर, मुरुमावर पाट टाकला आणि तिथे अंघोळ घातली. आडोशाला चार बाजूंनी लुगडी धरली होती. वस्तीतली तरणी माणसं पुण्याला कामाला गेलेली. एक कोपरा धरायला माणूस नव्हता, तो सरांनी धरला होता. आतल्या बाईकडे पाठ, तोंड आमच्याकडे. हात खांद्याच्या वर ताणलेले. लुगड्याखालून पाणी वाहत आलं आणि त्यांच्या चपलांत शिरलं. ते हलले नाहीत.

"सर, द्या इकडं. बसा तुमी," कुणीतरी म्हणालं.

"बसायला जागा कुठाय?" सर म्हणाले.

लिंबाजी माझ्या शेजारी उभा होता. म्हणाला, "त्यायनं 'हो' म्हनलं असतं तरी घरं भेटली नसती. हे मला लई आधीच कळलं होतं."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"त्यायनं कवा इचारलं न्हाई." मग म्हणाला, "आन् मला बी सांगू वाटलं न्हाई."

पुढच्याच उन्हाळ्यात सर गेले. स्थानिक पेपरात चार ओळी आल्या. त्यात 'भाषणांचे अभ्यासक' असं लिहिलं होतं. माळवाडीच्या त्या खोल्या अजून तेवढ्याच आहेत आणि मागणी अजून उभी आहे. तिच्यासाठी आम्ही पुन्हा पत्रक काढतोय, मजकूर लिंबाजीचा आणि माझा.

कधी ना कधी तुमच्याही गावात असं पत्रक निघेल. कुणीतरी म्हणेल, वर साहेबांचं वाक्य टाका, मंत्र्यांनी दिलेला शब्द टाका, वजन येतं. ते टाकू नका. आधी, ज्यांच्यासाठी मागताय त्यांच्या दारात जा. मजकूर त्यांना वाचून दाखवा, त्यांच्या सांगण्याने बदला, खाली त्यांची नावं घाला, आणि त्यांचा होकार आल्यावरच छापायला द्या.